अडलेलं वचन

औषधाच्या बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचून कोणाचा ताप उतरल्याचं मेट्रनबाईंनी आपल्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पवित्र शास्त्राबद्दलही त्यांचं मत तेच होतं. नुसतं वाचून काही होत नाही, पोटात गेलं पाहिजे, आणि कडू लागलं तर बहुधा औषध बरोबर आहे. हे त्या इतक्या ठाम आवाजात सांगायच्या की ऐकणाऱ्याला आपल्याला खरोखरच ताप आलाय की काय, अशी शंका यायची.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर त्या मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. नवरा फार पूर्वी गेला होता आणि मुलगा कॅनडात होता. दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत आमच्या चर्चच्या लोकांचा शास्त्राभ्यास भरायचा. असे वर्ग मुंबईभर भरतात. एक जण वाचतो, एक जण समजावून सांगतो, उरलेले मान डोलावतात आणि चहा होतो. मेट्रनबाईंच्या वर्गात मात्र एक नियम होता. आजचं वचन वर्गातल्या कोणीतरी प्रत्यक्ष करून आल्याशिवाय पुढचं वचन वाचायचं नाही.

"वचन पाळायचं असतं, हे मराठी भाषेनेच सांगून ठेवलंय," त्या म्हणायच्या. "पाळायचं म्हणजे गाय पाळतात तसं. रोज चारा घालावा लागतो. नुसतं 'आमची गाय, आमची गाय' म्हणून दूध मिळत नाही."

मी या वर्गात आपखुशीने गेलो नाही. माझी आई त्यांच्या हाताखाली नर्स होती. साठी उलटली तरी मेट्रनबाईंचा फोन आला की आई उभी राहून बोलायची. एकदा तसाच उभ्याने फोन झाला आणि पुढच्या मंगळवारपासून मी वर्गात होतो.

मी गेलो तेव्हा वर्ग पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात होता. पौलाचं लिखाण एरवी कठीण, पण या अध्यायात डोकं चालवायला काही नाही, सगळं हातापायाचं काम. पाहुणचार करा, नम्र राहा, छळणाऱ्याला आशीर्वाद द्या. अशा अध्यायात मेट्रनबाई सापडणं म्हणजे परीक्षेला पाठ न सोडणारे मास्तर भेटण्यासारखं होतं.

माझ्या वाट्याला आलं ते आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याचं वचन. मी खूश झालो, कारण त्याच वचनात पुढे रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगितलंय, ते दुसऱ्याकडे गेलं होतं. ऑफिसात मला डावलून ज्याला बढती मिळाली होती, त्याला मी पेढ्यांचा पुडा नेऊन दिला, हात मिळवला आणि मंगळवारी वर्गात हजर झालो.

"पेढा तूही खाल्लास?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हो."

"गिळताना घशात अडकला का?"

थर्मामीटर तोंडात असताना खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "थोडासा."

"मग अर्धंच झालं. पुन्हा जा."

मी पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला त्या माणसाला वाटलं माझं त्याच्याकडे काहीतरी मोठं काम आहे. तो आठवडाभर मला टाळत होता. त्याची ती पळापळ बघून मला मनापासून हसू येऊ लागलं, आणि त्या हसण्यात राग कधी गेला ते कळलं नाही. मेट्रनबाईंनी ते चालवून घेतलं. "कसा का होईना, आनंद झाला ना?" म्हणाल्या.

रडण्यापेक्षा हे अवघड असतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. दुसऱ्याच्या घरी रडायला माणसं आवडीने जातात, वर बसायला पुढची जागा बघतात.

आमचे पाळकसाहेब त्यांना वचकून असत. उपासना संपली की साहेब चर्चच्या दारात उभे राहत आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण "छान संदेश झाला, साहेब," म्हणून हात मिळवी. मेट्रनबाई हात मिळवीत आणि विचारीत, "मग आज दुपारी नेमकं काय करायचं?" साहेबांना ते नेहमीच सांगता यायचं असं नाही. पुढे पुढे ते बाजूच्या दाराने निघू लागले, तर बाई बाजूच्या दाराशी बसू लागल्या.

लांबलचक प्रार्थनांवरही त्यांचा इलाज ठरलेला होता. वर्गात कोणी डोळे मिटून देवाला जगाचा भूगोल सांगायला लागला की त्या मध्येच खणखणीत "आमेन" म्हणायच्या. सगळे सवयीने "आमेन" म्हणायचे आणि बोलणारा आफ्रिकेच्या आसपास थांबायचा.

आता त्या नाहीत. गेल्या, त्यालाही काही वर्षं झाली. पण बारावा अध्याय कुठे वाचला गेला की मला अजून हळद घातलेल्या साबुदाण्याचा वास येतो. त्याची गोष्ट अशी.

अध्याय संपायला दोनच वचनं उरली होती. वर्गातले हिवाळेभाऊ आमच्या चर्चचे सेक्रेटरी, गडगडाटी आवाजाचे आणि शास्त्राचे दांडगे अभ्यासक. अध्याय संपला की मटणाचं जेवण करायचं, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं. आणि नेमकं तिथेच वचन अडलं. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, असं ते वचन. तसं केल्याने तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील, असं पुढे आहे.

निखाऱ्यांवर हिवाळेभाऊ तासभर बोलले. शरमेने शत्रूचं डोकं कसं पेटून उठेल, याचं वर्णन करताना त्यांचा चेहरा उजळला होता. पाळकसाहेब त्या दिवशी आले होते. ते म्हणाले, पूर्वी शेजाऱ्याची चूल विझली तर विस्तव देत, तसं हे मायेचंही असू शकेल. मेट्रनबाई म्हणाल्या, "निखाऱ्यांचं देव बघेल. जेवणाचं कोण बघतंय? शत्रू कोणाकोणाला आहेत, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"आपण ख्रिस्ती माणसं, मेट्रनबाई," हिवाळेभाऊ म्हणाले. "आपलं कोणाशी वैर नाही."

"अरे वा. मग पुढे जाता येणार नाही. शत्रू मिळेल तेव्हा सांगा."

असे कितीतरी मंगळवार गेले. दर वेळी तोच प्रश्न आणि तीच शांतता. मटण लांबत चाललं. शेवटी एका मंगळवारी, पेटीवर भजन चालू असताना, वरच्या मजल्यावरून जमिनीवर धाड धाड लाटणं आपटल्याचा आवाज आला आणि सगळ्या वर्गाने एकदम वर पाहिलं.

वर सावंतकाकू राहायच्या. कोकणातल्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर खानावळीचे डबे करून घर वर काढलेल्या. त्यांचं आणि मेट्रनबाईंचं जुनं वाजलेलं होतं. काकूंचे ओले कपडे मेट्रनबाईंच्या खिडकीवर ठिबकायचे, आणि आमची पेटी ऐन काकूंच्या मालिकेच्या वेळी वाजायची. जिन्याच्या तोंडाशी आम्ही चपलांचा जो बाजार मांडायचो, त्यात अडखळून काकू एकदा पडल्यासुद्धा होत्या. तेव्हापासून हा वर्ग बंद करावा म्हणून त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला होता.

"मेट्रनबाई," हिवाळेभाऊ हळूच म्हणाले, "शत्रू सापडला."

मेट्रनबाई पहिल्यांदाच अडचणीत आलेल्या मी पाहिल्या. "ती शत्रू नाही. शेजारीण आहे," त्या म्हणाल्या.

"शेजाऱ्यावर तर आपल्यासारखीच प्रीती करायची," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी मला संधी मिळाली होती.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी दुसरी पळवाट काढली. "भुकेला असेल तर, असं लिहिलंय. ती कुठे भुकेली आहे? दिवसभर वरून तळलेल्या बांगड्याचा वास येतो."

पण तेव्हा श्रावण लागत होता. बांगड्याचा वास बंद झाला. सावंतकाकू श्रावणी सोमवार कडक धरतात, हे पुढच्या आठवड्यात कळलं आणि मेट्रनबाईंच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. शत्रू होता, भुकेला होता, डोक्यावरच राहत होता.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला आणि हिवाळेभाऊंना बोलावून घेतलं. कुठल्याही गोष्टीला दोन-तीन साक्षीदार लागतात, हेही शास्त्रातच आहे. उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी खिचडी केली होती. आम्ही तिघांनी चमचा चमचा चाखून पाहिली. झकास झाली होती. वर कोथिंबीर भुरभुरून, डबा स्वच्छ फडक्यात बांधून आम्ही जिना चढलो.

सावंतकाकूंनी दार उघडलं. दिवसभराच्या उपासाने चेहरा ओढलेला होता.

"सावंतबाई, तुम्ही भुकेल्या आहात ना?" मेट्रनबाईंनी वॉर्डातल्या आवाजात विचारलं.

"सकाळपासून पाण्यावर असंय. कित्या?"

"मग हे घ्या. खिचडी आहे."

काकूंचा चेहरा क्षणभर मऊ झाला, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि आत पाहिलं. आत पिवळीधमक खिचडी होती, मोहरीची फोडणी दिलेली आणि भरपूर कांदा घातलेली.

"कांदो?" काकू म्हणाल्या. "हळद? उपासाक कांदो खंय चलता? माजो उपास मोडूक इलात?"

"अहो, आमच्याकडे खिचडीत कांदा घालतात," मी म्हणालो. ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडे!" काकू म्हणाल्या. "कळला माका. आज खिचडी, उद्या काय?" डबा मेट्रनबाईंच्या हातात परत आला आणि दार बंद झालं.

आमच्या घरांत साबुदाणा हा नाश्त्याचा पदार्थ, पोह्यांचा चुलतभाऊ. उपास म्हणजे आम्ही फार तर मांस-मच्छी सोडतो. उपासाच्या खिचडीला आपले नियम असतात, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघांनी मिळून ती चाखली होती, एवढं तरी काकूंना कळलं नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन आले. सज्जन माणूस, पण पार वैतागलेला. "मेट्रनबाई, चपलांचं होतं तोवर मी सांभाळून घेत होतो. आता त्या म्हणतात, तुम्ही मुद्दाम उपास मोडायला गेलात. असल्या गोष्टी आजकाल चिघळायला वेळ लागत नाही. गणपतीच्या आधी मीटिंग आहे, त्यात तुमचा वर्ग बंद करायचा ठराव येणार. मी काही करू शकत नाही."

त्या संध्याकाळी वर्गात कोणी पेटी उघडली नाही. हिवाळेभाऊ म्हणाले, सोसायटीला लेखी खुलासा देऊ. दुसरं कोणी म्हणालं, पाळकसाहेबांना पाठवू. मेट्रनबाई चहाच्या कपांकडे बघत होत्या. मला त्यांची फार दया आली, आणि ही भावना त्यांच्याबाबतीत इतकी नवी होती की तिचं काय करावं ते सुचेना. मंगळवार गेला तर त्या घरात माणसाचा आवाज उरणार नव्हता. मंगळवारच्या चहाचे कप त्या सोमवारीच घासून, पुसून, पालथे घालून ठेवायच्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"हिवाळे," त्या अचानक म्हणाल्या, "निखारे कोणाच्या डोक्यावर पडले?"

एरवी यावर तासभर बोलणाऱ्या हिवाळेभाऊंनी मांडीवरचं शास्त्र मिटलं.

पुढच्या सोमवारी दिवेलागणीला त्यांचा मला फोन आला. "वर जायचंय. गुडघे ऐकत नाहीत, हात दे." मी गेलो तर त्या दारात उभ्या होत्या. हातात डबा नव्हता, शास्त्र नव्हतं. ओठ सुकलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाल्या, "सकाळपासून पाण्यावर आहे. साखर कमी झाली तर ग्लुकोजची गोळी पदरात आहे. चल."

सावंतकाकूंनी दार उघडलं आणि कपाळाला आठी घातली.

"सावंतबाई," मेट्रनबाई म्हणाल्या, "गेल्या सोमवारी मी आणलं ते तुमच्यासाठी नव्हतं. माझं एक वचन अडलं होतं, ते पुढे सरकावं म्हणून आणलं होतं. तुमची भूक मला हवी होती, तुम्ही नको होतात. खिचडी नुसती वरून होती, खाली निखारेच होते. माझं चुकलं. आज तुमची शत्रू उपाशी दारात आली आहे. जेवायला घाला."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी जिन्याकडे बघायला लागलो.

"ता वचन-बिचन माका काय कळणा नाय," काकू म्हणाल्या. "पण ह्या वयात दिवसभर उपाशी? तुमका साखर ना ओ? अक्कल खंय ठेवलात?" मग त्यांनी दार सताड उघडलं. "भुकेल्या माणसाक मी दारातसून परत धाडूचंय नाय. आधी जेवा, मगे भांडा. तूय ये रे."

आत देवापुढे नैवेद्याचं पान मांडलेलं होतं. काकूंनी हात जोडले, पाणी फिरवलं आणि मग आम्हाला पानं वाढली. भात, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूची भाजी. मेट्रनबाईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. त्यांची इतकी छोटी प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती. "प्रभू, धन्यवाद," एवढंच. काकू शेजारी हात जोडूनच थांबल्या होत्या, त्या प्रार्थना संपल्यावर बसल्या.

पहिला घास घेतल्यावर मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने, असं त्या म्हणाल्या. सांबार तिखट होतंच.

जेवता जेवता काकूंनी त्यांना उपासाची खिचडी शिकवली. जिरं, मिरची, शेंगदाण्याचं कूट, तूप. कांद्याचं नाव निघालं की दोघी हसायच्या. एकदा तर काकूंना इतकं हसू आलं की ठसका लागला, आणि मेट्रनबाईंनी सरावाने त्यांच्या पाठीत अशी थाप घातली की काकू म्हणाल्या, "मारतात माका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चेअरमनला गाठून सांगितलं की अर्ज मागे घेतलाय. चपला जिन्यात नकोत, आणि मालिका लागायच्या आत पेटी बंद. बाकी म्हाताऱ्या बाईच्या घरी चार माणसं येतात तर येऊ देत.

संध्याकाळी वर्ग गच्च भरला. सगळ्यांच्या चपला पिशव्यांत घालून मांडीवर होत्या. हिवाळेभाऊंना जेवणाची हकीकत कळली होती आणि त्यांना एकच शंका होती. "मेट्रनबाई, ते मूर्तीला दाखवलेलं अन्न होतं. तुम्ही खाल्लंत?"

"पौलच म्हणतो, पुढे वाढलेलं खा आणि प्रश्न विचारू नका. मी प्रश्न विचारला नाही. फक्त सांबार दुसऱ्यांदा मागितलं."

हिवाळेभाऊही हसले. "बरं, मग वचन झालं म्हणायचं. वाचू पुढचं?"

"झालं? कोणी केलं?"

"तुम्ही..." म्हणून ते थांबले.

"मी जेवले. शत्रूला जेवू घातलं ते सावंतबाईंनी. त्या काही आपल्या वर्गात नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि माझी तर पंचाईत झाली. माझ्याकडे एकच शत्रू होती, तीही गेली. आता तुमच्यापैकी कोणाचा असेल तर बघा."

सगळे हसले. मग जो तो मांडीवरची पिशवी सावरू लागला. मी चहाच्या कपांकडे पाहत होतो.

"माझा आहे," हिवाळेभाऊ म्हणाले.

तो गडगडाटी आवाज कुठे गेला होता कोण जाणे. आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

"माझा सख्खा भाऊ," ते म्हणाले. "बापाच्या खोलीवरून झालं होतं. वहिनी गेली तेव्हाही मी गेलो नाही."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. पेशंटच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "जेवतो का नीट?"

"माहीत नाही. एकटाच असतो. मी कधी विचारलंच नाही."

"कुठे असतो?"

"नाहूरला."

मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ होत आली होती. त्यांनी पुढे वाकून हिवाळेभाऊंच्या मांडीवरची पिशवी उचलली, तिच्यातल्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांशी नीट, सरळ लावून ठेवल्या.

"पुढचंच स्टेशन आहे, हिवाळे," त्या म्हणाल्या.